सैतानाला एवढा वेळ देऊ नका
बुलढाणा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पाळकबाई,



हे पत्र कुणा एकाच्या नावे नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर इथल्या जुन्या मंडळ्यांच्या पाळकांना ते आहे, तसंच पत्र्याच्या शेडखाली, भाड्याच्या हॉलात, कुणाच्या ओसरीवर ज्यांनी अलीकडे नव्या संगती उभ्या केल्या त्या पुढाऱ्यांनाही आहे. खुलं अशासाठी लिहितो की या विषयावर आपल्याकडे उपासनेनंतर चहा पिताना सगळे बोलतात आणि कप खाली ठेवला की विषयही खाली ठेवतात.

तक्रार थोडक्यात सांगतो. आपल्या पुलपिटवरून सैतानाचं नाव फार येऊ लागलं आहे.

एखाद्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला मागच्या सतरंजीवर बसून ऐका. म्हैस आटली, सैतानाचं काम. पोरीचं लग्न जमता जमता मोडलं, सैतानाचं काम. पोरगा पितो, त्याच्या मागे सैतान. सोयाबीनला भाव नाही, त्यातही सैतानाचा हात. (सोयाबीनचा भाव पाडायला सैतानाने बुलढाण्यापर्यंत यायची काय गरज आहे? ती कामं मुंबई-दिल्लीत बसून होतात.) प्रार्थना आटोपेपर्यंत त्याचं नाव येशूच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलेलं असतं. बाया घरी निघतात तेव्हा आपण देवाच्या हातात आहोत यापेक्षा आपल्यावर कुणीतरी टपून बसलंय, हेच त्यांच्या मनात जास्त पक्कं झालेलं असतं.

या बाया कुठून आल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ज्या घरात पोराला ताप आला की आधी दृष्ट काढतात, मग अंगारा लावतात, मग भगताकडे नेतात आणि मग कधीतरी डॉक्टरकडे, त्या घरातून त्या आल्या. ‘बाहेरचं लागलंय’ हे शब्द त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेले आहेत. करणी, मूठ, उतारा, अमावास्या, तिठ्यावरचं लिंबू या सगळ्यांनी त्यांचं लहानपण भरलेलं होतं. त्या ख्रिस्ताकडे आल्या त्यातल्या निम्म्या तरी या भीतीला कंटाळून आल्या. तिथे त्यांना काय मिळालं? पूर्वी दाराला लिंबू-मिरची, बिब्बा, काळी बाहुली असायची. आता दारावर क्रूसाचं स्टिकर आहे, कपाटात अभिषेकाच्या तेलाची बाटली आहे आणि पोराच्या उशीखाली प्रार्थना केलेला रुमाल. वस्तू बदलल्या, व्यवहार तोच राहिला. क्रूसाचं स्टिकर उन्हाने फिकं पडून सुटलं तर ती बाई आजही दचकते. मग तिची सुटका कशातून झाली?

भगत बिचारा एक कोंबडं आणि पाचशे रुपये घेऊन मोकळा तरी होत होता. आपण मात्र तिची भीती दर शुक्रवारी ताजी करून देतो.

आपला जिल्हा भीतीच्या बाबतीत आधीच श्रीमंत आहे. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं हे शाळेतली पोरं सांगतात, पण लोणार गावातलं देखणं देऊळ दैत्यसूदनाचं आहे, लवणासुर मारणाऱ्या विष्णूचं. जमिनीला एवढं मोठं भगदाड पडलंय म्हटल्यावर खाली कुणीतरी राक्षस राहत असणार, असं आपल्या पूर्वजांना वाटलं, आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. 2020 च्या जूनमध्ये त्याच सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा कुणी कुणी काय काय बोललं आठवा. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीत निघालं. तोवर आपल्यातल्या एका-दोघांनी निर्गमातल्या नाईल नदीवर आणि प्रकटीकरणातल्या कटोऱ्यांवर उपदेशही करून टाकले होते.

2023 साली 1 जुलैच्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली आणि 25 माणसं गेली. पुढे काही दिवसांतच त्या जागी यंत्र पुरून जप झाला, आता इथे अपघात होणार नाही असं सांगितलं गेलं, आणि त्यावरून गुन्हाही नोंदला गेला. मग 2025 उजाडता उजाडता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. त्या वेळी जे झालं ते तुम्ही पाहिलंय. त्या गावचा म्हटलं की न्हावी हात लावेना, सोयरिकी अडल्या, पाहुणे यायचे थांबले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, आयसीएमआरची पथकं येऊन गेली, तरी गावाच्या नावाला लागलेला डाग कितीतरी दिवस निघाला नाही. केस परत येतात. लोकांनी आपल्याकडे पाठ फिरवली होती, ही आठवण मात्र जात नाही. मला विचाराल तर त्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात दुष्ट असं जे काही होतं, ते गव्हाच्या पोत्यापेक्षा त्या पाठ फिरवण्यात जास्त होतं. आणि मला एक सांगा, आपल्या किती मंडळ्यांतली माणसं त्या आठवड्यांत बोंडगावात जाऊन कुणाच्या घरी चहा पिऊन आली?

आता सैलानीबद्दल. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्याविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, ते सैतानाचं ठाणं आहे. दुसरा, ते सगळं ढोंग आहे. मला दोन्ही सूर उथळ वाटतात. होळीच्या यात्रेला एकदा नुसतं बघायला म्हणून जा. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून, राज्याबाहेरूनही, एसटीने, टेम्पोने, ट्रॅक्टरने माणसं येतात. हिंदू, मुसलमान, बौद्ध, आणि खरं सांगायचं तर आपल्यातलीही चार घरं, तोंड लपवून. अंगावरून उतरवलेले कपडे, लिंबं, सुया, खिळे, बाहुल्या आणि नारळांचा डोंगर होळीत जातो. धूर डोळ्यांत शिरतो. कुठे कुणी घुमत असतं, केस मोकळे सोडून. कुठे एक म्हातारा बाप आपल्या तिशीतल्या पोराचं मनगट धरून बसलेला असतो. पोरगा एकसारखा बोलतोय, बापाचं तिकडे लक्ष नाही. त्याला ते सगळं पाठ आहे. त्याचा हात मात्र सुटत नाही.

त्या बापाला विचारा, इथे का आलास. तो बाधा, जादू वगैरे सांगेलच. पण थोडं बसलात तर वेगळंच कळेल. गावात पोराला पोरं दगड मारतात. भावकी म्हणते, याला बांधून ठेव. सोयरे बोलवत नाहीत. इथे मात्र त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, कारण शेजारच्या पालात तसाच एक आहे. वेड्याला जिथे कुणी हसत नाही अशी जागा आपल्या जिल्ह्यात दुसरी कुठली आहे? आपलं चर्च आहे का? रविवारी उपदेश चालू असताना तो पोरगा मोठ्याने बोलत उठला तर आपले पंच त्याला धरून बाहेर नेतील की नाही, हे तुम्हीच सांगा.

दर्ग्यातल्या सगळ्या प्रकारांचं मी समर्थन करतोय असं समजू नका. माणूस साखळीने बांधला की काय होतं, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने 6 ऑगस्ट 2001 ला दाखवलं. दर्ग्याच्या आसऱ्याने चालवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि बांधलेली 28 माणसं जागची हलू शकली नाहीत. त्यानंतर देशभर आरडाओरड झाली, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुठल्याही मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळी लावायला बंदी केली. साखळी लोखंडाचीच असते असं मात्र नाही, आणि इथेच मला आपल्या स्वतःच्या दाराशी यायचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका चंगाई सभेत मी पाहिलेलं सांगतो. गावाचं, संस्थेचं नाव घेत नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरगी. फिट येते. आईने सांगितलं, तीन वर्षांपासून येते, खामगावच्या डॉक्टरची गोळी चालू आहे. तिला पुढे आणलं. दोन बाजूंना दोन स्पीकर, प्रत्येक तिच्या उंचीचा. चौघांनी डोक्यावर हात ठेवले, हळूहळू ते हात दाबायला लागले. ‘निघ, निघ’ म्हणून माईकवर ओरडणं सुरू झालं. पोरीचा चेहरा पांढरा पडला, ती मागे सरकली, तर सरकतोय तो दुष्टात्मा म्हणून आवाज आणखी चढला. ती खाली पडली. टाळ्या झाल्या. नंतर आईच्या कानात कुणीतरी सांगितलं की आता गोळी खाणं म्हणजे अविश्वास. फिटची गोळी अशी एकाएकी बंद केली तर फिटा वाढतात, कधी एकापाठोपाठ एक येऊन जिवावर बेततं, हे कुठलीही नर्स सांगेल. आपल्या मंडळ्यांत नर्सा कमी नाहीत. त्या सभेतही होत्या. कुणी उठलं नाही, आणि मीही जाग्यावर बसून होतो, कारण तिथे उठायचं म्हणजे सैतानाच्या बाजूने उठायचं असं वातावरण होतं. भीतीचं राज्य यापेक्षा वेगळं कसं दिसतं?

तुम्ही म्हणाल, येशूनेच भुतं काढली, शुभवर्तमानात लिहिलंय. लिहिलंय. म्हणून मार्कचा पाचवा अध्याय पुन्हा एकदा काढू या.

गरसेकरांच्या मुलखात थडग्यांमध्ये राहणारा तो माणूस. गावाने त्याला बेड्या-साखळ्या घालून पाहिल्या, त्याने त्या तोडल्या. रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा. आपण हा अध्याय वाचतो तेव्हा धावत डुकरांपाशी जातो, कारण तिथे तमाशा आहे. पण येशू काय करतो ते सावकाश वाचा. तो त्याला नाव विचारतो. गाव ज्याला फक्त ‘तो थडग्यातला’ म्हणत असणार, त्याला एक परका माणूस नाव विचारतो. उत्तर भलतंच येतं, पण विचारणारा विचारतो. त्यात गर्दी जमवणं नाही, दमवणं नाही, पाडणं नाही.

मग गावकरी धावत येतात तेव्हा तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन बसलेला असतो. लूक सांगतो की त्याने कैक दिवस अंगावर कपडा घातला नव्हता. मग हे कपडे आले कुठून? शुभवर्तमान सांगत नाही. थडग्यांत दुकान नव्हतं. होडीतून उतरलेल्या त्या बारा-तेरा जणांपैकीच कुणीतरी आपलं वरचं वस्त्र काढून दिलं असणार, असं मला वाटतं. पेत्राने दिलं असेल, किंवा ज्याचं नावही आपल्याला नीट आठवत नाही अशा कुणी. या अध्यायावर मी आजवर ऐकलेल्या उपदेशांत सैन्य नावाच्या भुतांची संख्या आली, डुकरांची आली, पण त्या कपड्याबद्दल एक शब्द नाही. मला तर तो कपडाच सगळ्या अध्यायाचा आधार वाटतो. भूत काढणं येशूचं काम होतं, ते त्याने केलं. उघड्याला पांघरूण घालणं बाकीच्यांच्या हातातलं होतं, ते त्यांनी केलं. आपण नेमकं उलटं वाटून घेतलंय: येशूचं काम आपण माईकवर करतो आणि आपल्या वाट्याचं कुणीच करत नाही.

आणखी एक गोष्ट. गाव घाबरतं कधी? तो ओरडत होता, दगडाने रक्त काढत होता, तेव्हा गावाने त्याची सवय करून घेतली होती. तो शहाणा होऊन बसला तेव्हा गाव घाबरलं आणि येशूला म्हणालं, आमच्या हद्दीतून जा. बरा झालेला माणूस परत घरात घ्यायचा म्हणजे त्याला जमीन द्यायची, पंगतीला पान मांडायचं, त्याच्याशी बोलायचं. त्यापेक्षा तो थडग्यांतच बरा होता. सासरी भुताळी ठरलेली सून, नवरा गेल्यावर चेटकीण ठरलेली विधवा यांच्या बाबतीत आपली गावं आजही अशीच वागतात. तो माणूस येशूला म्हणतो, मला तुझ्याबरोबर ने. येशू नेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांत जा म्हणतो. आपल्या मोठाल्या सभांमध्ये साक्ष देण्यासाठी बरे झालेले लोक गावोगाव फिरवले जातात. येशूने त्या माणसाला आधी घर दिलं.

कुणी विचारेल, मग तुझा दुष्टतेवर विश्वासच नाही का? आहे, चांगला पक्का आहे. दोन एकरांसाठी चुलतीला चेटकीण ठरवणारा माणूस मी पाहिला आहे. इस्त्रीचा शर्ट, कपाळ स्वच्छ, बोलणं गोड. माणसाला बाहेरून आत जाणारं काही विटाळत नाही, आतून निघतं ते विटाळतं, हा येशूचा मार्कमधलाच खुलासा आपण किती वेळा वाचतो. वाईटाला शिंगं लावून ठेवली की ते कधीच आपल्या घरात सापडत नाही, हाच त्या शिंगांचा फायदा. करणीच्या गोष्टींत करणारी नेहमी दुसरी असते: जाऊ, शेजारीण, म्हातारी सासू. भीती एकदा शिरली की ती माणूस शोधते, आणि सापडते ती सहसा बाई.

योहानाने आपल्या पहिल्या पत्रात भीतीवर जो इलाज सांगितला त्यात शौर्य कुठेच येत नाही. तो प्रीती सांगतो, आणि कारणही देतो की भीतीच्या मुळाशी शिक्षेची धास्ती असते. किती बरोबर आहे हे! आपल्या बाईला म्हैस आटली म्हणून इतकं वाईट वाटत नाही. आपल्या हातून काय चुकलं, कुणाचा कोप झाला, याची धास्ती तिला झोपू देत नाही. तिथे आपण जाऊन म्हणतो, तुझ्या घरात कुठलंतरी दार सैतानाला उघडं आहे, शोध. म्हणजे शिक्षेची धास्ती दुप्पट. तिच्याशेजारी बसून म्हशीच्या दवाखान्याचा नंबर लावून देणं हा इलाज जास्त योहानाच्या जवळचा आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण स्मरणदिनाला देतो, पण अर्धंच देतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तिचे आई-वडील आणि बहीण गेली. होतं नव्हतं ते व्रतं, दक्षिणा, अनुष्ठानं यांत घालून हे घर देवाच्या कृपेची वाट पाहत तीर्थातीर्थांतून फिरलं. एवढं सगळं सोसलेल्या, एवढ्या शिकलेल्या बाईला ख्रिस्ताकडे कशाने ओढलं? 1883 साली इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींनी तिला लंडनमधल्या फुलम इथल्या आश्रमात नेलं. समाजाने टाकलेल्या बायांना तिथे माणसात आणलं जात होतं, प्रेमाने. असं का करता, असं तिने विचारलं, तेव्हा विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट तिला सांगितली गेली. नरकाचा धाक तिला कुणी घातला असता तर ती शास्त्रार्थ करून त्यांना गप्प बसवून निघून आली असती. तेवढी तिची तयारी होती.

आणि आपल्याच वऱ्हाडातली गोष्ट. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळात अकोल्याला, खामगावला अलायन्स मिशनने अनाथ पोरं-पोरी घेतल्या. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांनी 1900 साली हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालअपेष्टांवर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची होती. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या चुका मोजायला बसलो तर दुसरं पत्र लागेल. आपल्या देवादिकांबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. पण खपाटीला गेलेल्या पोटाची पोर दारात आली तेव्हा तिला कुठलं भूत लागलंय हे कुणी आधी विचारलं नाही. पेज दिली, डोकं विंचरून उवा काढल्या, पाटी दिली. आपल्यातल्या जुन्या घराण्यांची वंशावळ विचारा, बऱ्याच ठिकाणी ती अशा एखाद्या पोरीपाशी जाऊन थांबते. आपण त्या पेजेची लेकरं आहोत.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधल्या काळात टिळकांनी त्यांना तुझ्यात सैतान आहे असं सांगितलं नाही. चिडले, भांडले, कविता केल्या, पत्रं लिहिली, आणि वाट पाहिली. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या डोक्याने आल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक पाळकांच्या प्रशिक्षणात सक्तीचं का नसावं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आता कायद्याचं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. आपल्याकडे समज असा की तो बुवा-मांत्रिकांसाठी आहे. त्याची अनुसूची काढून वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं त्यात आहे. कुणाला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणंही आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजार ते 50 हजार. देवापुढे गुडघे टेकून आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला हा कायदा आड येत नाही, येऊही नये. पण तुरुंगाच्या भीतीने तुम्ही थांबावं असं मला वाटत नाही. भीतीनेच थांबलात तर माझं हे सगळं लिहिणं फुकट गेलं. त्या पोरीचा पांढरा पडलेला चेहरा आठवून थांबा.

मागणं फार नाही. येत्या रविवारी जाहिरातींच्या वेळी एक नंबर वाचून दाखवा: 14416. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा वार विचारून ठेवा, आणि प्रार्थनेला आलेल्या माणसाबरोबर मंडळीतलं एक जण तिथपर्यंत पाठवा; एकट्याने त्या दारात शिरायला फार धीर लागतो. डोक्यावर हात ठेवायचाच तर त्याला विचारून ठेवा, आणि हलका ठेवा. प्रार्थनेने बरं वाटलं तर देवाची स्तुती करा, गोळी चालू ठेवा. एखाद्या गावात बाईला चेटकीण म्हणू लागले तर त्या घरी पाळकबाईंनी जाऊन सगळ्यांदेखत जेवावं. इफिसकरांच्या पत्रातली शस्त्रसामग्री तुम्हाला तोंडपाठ आहे. सत्याचा कंबरपट्टा आहे, शांतीच्या पायतणांचा जोड आहे. साउंड सिस्टीमचा उल्लेख मला तरी सापडला नाही.

शेवटची विनंती सैलानीची. येत्या होळीला आपल्या जिल्ह्यातल्या चार-पाच मंडळ्यांनी मिळून तिथे मंडप टाकू या. तहसीलदारांची आणि दर्ग्याच्या विश्वस्तांची रीतसर परवानगी घेऊन. मार्च महिन्याचं ऊन, लाखो माणसं. थंड पाण्याचे जार, ओआरएसची पाकिटं, आपल्या निवृत्त नर्सांपैकी दोघी-तिघी, थकलेल्या आयांना पडायला सतरंज्या, आणि कुणाला दवाखान्यात जायचं असेल तर उभी एक गाडी. पोराचं मनगट धरून बसलेल्या बापाला अर्धा तास सुट्टी द्यायची, तोवर ते मनगट आपल्यातल्या कुणीतरी धरायचं. त्याच्याशी बोलायचं, नाव विचारायचं.

पत्रिका घरी ठेवा. स्टेज, माईक, साक्षीसुद्धा. घाबरलेल्या माणसाने दिलेला होकार हा होकार नसतो, आणि पाण्याच्या पेल्याबरोबर दिलेला कागद पाहून त्या बापाला वाटेल की इथेही काहीतरी द्यावं लागतं. तुमचा देव कोण असं त्याने आपणहून विचारलं तर सांगा, त्याने विचारलंय तेवढंच. कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणेल की मग यात आपल्याला काय मिळालं. त्यांना मार्कचा पाचवा अध्याय वाचायला द्या आणि ज्याने वस्त्र दिलं त्याचं नाव शोधून काढायला सांगा.

मंडपाच्या खर्चाची अडचण असेल तर यंदाची एक चंगाई सभा रद्द करा. स्पीकरच्या भाड्यात तो मंडप आरामात उभा राहील.

आपला,
मंडळीतला एक सभासद
बुलढाणा जिल्हा